शेजारच्या आजींची जपमाळ

वैदेही_आइंडहोवन (धागालेखिका)

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या आजी गेल्या. ८७ वर्षांच्या होत्या. त्यांच्याबद्दल, आणि त्यांच्या निमित्ताने इथे चौदा वर्षं जे पाहते आहे त्याबद्दल लिहायचं आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नेदरलँड्सच्या दक्षिणेला, ब्राबांट प्रांतात, आइंडहोवनजवळच्या एका गावात राहतो. हा सगळा पट्टा मूळचा कट्टर कॅथलिक. आजींचे वडील कारखान्यात सिगार वळायचे. घरात अकरा भावंडं. शाळा कॅथलिक, खाटीक कॅथलिक, वडिलांची कामगार संघटना कॅथलिक, रेडिओवर ऐकायचं ते केआरओ हे कॅथलिकांचंच प्रसारण, आणि फुटबॉलचा क्लबसुद्धा कॅथलिक. प्रॉटेस्टंटांचं असंच सगळं वेगळं, समाजवाद्यांचं वेगळं. डच लोक या व्यवस्थेला 'खांब' म्हणतात. प्रत्येक समाज आपापल्या खांबाला धरून, वर छप्पर तेवढं सगळ्यांचं एक. इकडे एक म्हण आहे: एका उशीवर दोन धर्म आले की मध्ये सैतान झोपतो. आजींच्या आत्याने प्रॉटेस्टंट मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं नाही.

१९५४ साली बिशपांनी पत्रक काढलं. समाजवादी कामगार संघटनेत जाल, त्यांचा रेडिओ नेमाने ऐकाल, तर चर्चचे संस्कार मिळणार नाहीत. आजी तेव्हा १७ वर्षांच्या होत्या. ते पत्रक वाचलं जात असताना वडिलांनी मान खाली घातली होती एवढं त्यांना आठवत होतं, कारण वडील शेजाऱ्याकडे जाऊन तोच रेडिओ ऐकायचे. मग १९६३मध्ये देन बॉसचे बिशप बेकर्स टीव्हीवर आले आणि म्हणाले, किती मुलं होऊ द्यायची हे नवराबायकोने आपल्या सदसद्विवेकाला विचारून ठरवावं. गावातला पाद्री तोवर दर वर्षी घरी येऊन पाळणा कधी हलणार म्हणून विचारत असे. आजींची आई टीव्हीसमोर बसून रडली. म्हणाली, हे मला वीस वर्षं आधी का नाही सांगितलं?

आजींनी चर्च सोडलं ते भांडून नाही. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "एका रविवारी पाऊस होता म्हणून गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो नाही. काहीच झालं नाही." हे 'काहीच झालं नाही' त्या ज्या आवाजात म्हणाल्या तो अजून माझ्या कानात आहे. जन्मभर ज्याची भीती घातली होती ते काहीच घडलं नाही, आणि विचारपूस करायला कोणी आलंही नाही.

अशा लाखो आजी-आजोबांची बेरीज केली की आजचं नेदरलँड्स होतं. सरकारी सांख्यिकी खात्याच्या पाहणीत २०१७मध्ये पहिल्यांदाच कुठल्याही धर्मात स्वतःला मोजणारे लोक निम्म्याहून कमी झाले. 'नेदरलँड्समधला देव' नावाची एक पाहणी १९६६पासून काही काही वर्षांच्या अंतराने होत आली आहे. तिच्या २०१५च्या फेरीत, ज्याला हाक मारता येईल असा देव मानणारे सुमारे १४ टक्के निघाले. पण 'काहीतरी आहे' असं म्हणणारे याच्या दुप्पट, २८ टक्के! या लोकांसाठी डचमध्ये शब्दच आहे, त्याचं मराठी 'काहीतरीवाद' असं होईल. रोनाल्ड प्लास्टर्क या जीवशास्त्रज्ञांनी (नंतर ते शिक्षणमंत्रीही झाले) तो १९९०च्या दशकात रूढ केला, तो टीका करण्यासाठी. लोकांनी मात्र तो आपला म्हणून घेतला.

आजी या काहीतरीवाल्यांमधल्या. चाळीस वर्षं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, गेल्या नाहीत. पण माझ्या मुलीचं ऑपरेशन होतं तेव्हा मला न सांगता बस पकडून देन बॉसला गेल्या, तिथल्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये मेरीची जी मूर्ती आहे तिच्यापुढे मेणबत्ती लावून आल्या. त्या मूर्तीला लोक 'गोड आई' म्हणतात. पुढे मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. आत लोखंडी चौकटीवर मेणबत्त्यांच्या रांगा, पैसे टाकायची पेटी, बाजूला एक जाड वही. वहीत कोणी परीक्षेसाठी लिहिलेलं, कोणी आईच्या केमोथेरपीसाठी, एकाने लहान अक्षरात कुत्र्यासाठी. वीस मिनिटांत निदान तीस जण आले असतील, बहुतेक तरुण. मेणबत्ती लावायची, क्षणभर थांबायचं, जायचं. आजी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझा विश्वास नाही गं, पण तिला सांगायला हवं."

आता अंत्यविधीचं. चर्च नाही, स्मशानभूमीला जोडलेला हॉल. पडद्यावर फोटो, दोन गाणी, नातवाचं भाषण, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफी आणि केक. मुलीने आईच्या हातात तिची जपमाळ ठेवली, काळ्या मण्यांची, ड्रॉवरमध्ये सापडलेली. मग कोणीतरी म्हणालं, आईला आवडलं असतं, मेरीची 'नमो मारिया' ही प्रार्थना एकदा म्हणू या. सुरुवात सगळ्यांनी केली. दुसऱ्या ओळीला निम्मे गप्प. शेवटापर्यंत पोचल्या फक्त आजींच्या धाकट्या बहिणी दोघी आणि एक म्हातारे शेजारी. साठ-सत्तर माणसांत तीन आवाज. आजींची मुलगी, स्वतः पासष्टीची, ओठ हलवत राहिली, शब्द येत नव्हते.

घरी येऊन मी माझ्या मुलीला रामरक्षा म्हणायला सांगितलं. ती पंधरा वर्षांची आहे. तिसऱ्या श्लोकाला थांबली.

मला विचारायचं आहे ते हे. खांब गेले, त्यांचा जाच गेला, ते चांगलंच झालं. पण मेणबत्ती एकट्याने लावता येते, प्रार्थना एकट्याने टिकते का?

---

रानवारा

वैदेही, लेख आतून आलेला आहे, म्हणून विरोधही मनापासून लिहितो.

तुमच्या आजींच्या आईचं रडणं मला या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. अकरा बाळंतपणं, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून? ब्रह्मचारी पाद्र्याच्या. ही व्यवस्था मोडली याचं दुःख नको. आणि जाच तेवढ्यावर थांबला नव्हता. डेटमन आयोगाने २०११मध्ये जो अहवाल दिला त्यात १९४५ ते १९८१ या काळात कॅथलिक संस्थांमध्ये दहा ते वीस हजार मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचा अंदाज मांडला होता. ज्या आईबापांनी मुलं विश्वासाने वसतिगृहात ठेवली त्यांनी पुढे चर्चची पायरी चढायची कशी?

चर्च रिकामी झाली म्हणून तिथला समाज अनीतिमान झाला का? नाही झाला. समलिंगी विवाहाला जगात सर्वांत आधी, २००१मध्ये, त्यांनीच मान्यता दिली. वृद्धांची काळजी, अपंगांचे हक्क, पोराबाळांची सुरक्षितता, कुठे कमी पडले? देवाच्या धाकाशिवाय माणूस माणसाशी बरा वागू शकतो हे त्या देशाने करून दाखवलं. मला ती फार मोठी कमाई वाटते.

---

माणदेशी

पोरी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. एकच विचारतो. आमच्याकडं माणूस गेला की कुणाला बोलवावं लागत नाही. कोण तिरडी बांधतंय, कोण मडकं धरतंय, दहाव्याला कीर्तनकार कोण, सगळं ज्याचं त्याला ठाऊक. चर्चच नाही म्हणल्यावर तिथं हे सगळं करतं कोण? घरच्यांनी रडायचं का हॉल बुक करायचा?

---

लेस्टरकर

आमच्याकडचे आकडे: इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत ख्रिश्चन ४६.२ टक्के, २०११मध्ये ते ५९.३ होते. 'धर्म नाही' असं सांगणारे २५.२वरून ३७.२वर गेले.

आमचं मंडळ गणपती बसवतं तो हॉल एका मेथडिस्ट चर्चचा आहे. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. रविवारी त्यांच्याकडे पंधरा माणसं येतात, आमच्याकडे आरतीला तीनशे. गेल्या वर्षी विसर्जनानंतर खुर्च्या लावताना ते म्हणाले, "या भिंतींना गाणं ऐकायची सवय आहे, तुम्ही येता ते बरं वाटतं." मला काय बोलावं कळेना. मी त्यांना मोदक दिले.

---

वैदेही_आइंडहोवन

माणदेशी काका, हॉल बुक करावाच लागतो. अंत्यविधी करून देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि आता 'विधी-सोबती' नावाचा पेशाच तयार झाला आहे. आजींच्या वेळी अशीच एक बाई आली होती. आदल्या दिवशी तीन तास घरी बसून आजींबद्दल सगळं ऐकून घेतलं, आणि बोलली फार छान, खोटं एक अक्षर नाही. पण तिने आजींना कधी पाहिलेलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा आमच्या गल्लीशी संबंध संपला. ही तिची चूक नाही.

रानवारा, तुमचं सगळं मान्य. अहवाल आला तेव्हा आजींनी टीव्ही बंद केला आणि दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. त्यांचा एक भाऊ तशा वसतिगृहात होता. त्याबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

पण एक घटना सांगते. द हेगमध्ये बेथेल नावाचं छोटं प्रॉटेस्टंट प्रार्थनाघर आहे. एका आर्मेनियन कुटुंबाला, तीन मुलांसकट, देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला होता. मुलं इथेच वाढलेली. डच कायद्याप्रमाणे प्रार्थना चालू असताना पोलिसांना आत शिरता येत नाही. म्हणून २६ ऑक्टोबर २०१८ला प्रार्थना सुरू केली ती थांबवलीच नाही. रात्रंदिवस, ३० जानेवारी २०१९पर्यंत, ९६ दिवस. देशभरातून आणि बाहेरूनही पाद्री पाळ्या लावायला आले, शेकड्यांनी. रात्री तीन वाजता दोन माणसं समोर असली तरी एकजण वाचत राहायचा. शेवटी सरकारने अशा मुलांच्या प्रकरणांचा पुन्हा विचार करायचं कबूल केलं तेव्हाच आमेन म्हटलं. हे 'काहीतरी आहे' म्हणणाऱ्या २८ टक्क्यांना करता आलं असतं का? मला खरंच प्रश्न पडतो. मन असतं त्यांच्याकडे, पण पाळी लावायला यादी लागते, दार लागतं, आणि सगळ्यांना येणारे शब्द लागतात.

---

माणदेशी

म्हणजे वीणा खाली ठेवली नाही म्हण की! आमच्या सप्ताहात हेच. अहोरात्र वीणा उभी. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पण भुईला टेकवायची नाही. पहाटे दोनची पाळी मी बारा वर्षं केली. त्या वेळेला देव दिसतो का झोप दिसते हे मला विचारू नका, पण आपण सोडली तर गावाची वीणा खाली येईल हे माहीत असतं म्हणून माणूस उभा राहतो. त्या पाद्र्यांना माझा दंडवत.

---

वसईकर

पहिल्यांदाच लिहितो आहे. आम्ही वसईचे कॅथलिक, घरात मराठी, मिस्साही मराठीतच. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना आली तेव्हापासून. आमच्याकडे आजही रविवारी उशिरा पोचलात तर उभं राहावं लागतं.

माझे काका धर्मगुरू आहेत, सध्या जर्मनीत बव्हेरियामध्ये. तिथे स्थानिक तरुण धर्मगुरू व्हायला तयार नाहीत म्हणून भारतातून, आफ्रिकेतून, पोलंडमधून जातात. काकांकडे चार गावांची चार चर्च. दर रविवारी गाडी घेऊन फिरायचं. आमच्या गावात विश्वास घेऊन जे आले त्यांच्याच खंडात आता आमचा माणूस तो सांभाळायला जातो. काकांना पहिल्या हिवाळ्यात फार जड गेलं. मिस्साला बारा-पंधरा म्हाताऱ्या, आणि चर्च चारशे माणसांचं. म्हणाले, आपला आवाज भिंतीवरून परत येतो.

पण त्यांनी दुसरंही सांगितलं. चर्चसमोर एक बाक आहे. तिथे ते संध्याकाळी बसायला लागले, तर आत कधी न आलेली माणसं येऊन बसू लागली. घटस्फोट झालेला एक शेतकरी, मुलगा गेलेली एक बाई. देवाचा विषय निघतोच असं नाही. काका म्हणतात, यांना प्रवचन नको आहे, कोणी तरी रोज त्याच जागी असावं एवढंच हवं आहे.

रानवारा सर, अत्याचारांबद्दल तुम्ही लिहिलंत त्याने आम्हाला तुमच्याहून जास्त दुखतं. ते झाकून आम्हाला श्रद्धा टिकवायची नाही. एवढंच की वैदेहीताईंच्या आजींना जपमाळही त्याच घरातून मिळाली होती.

---

नेकारकाठी

श्टुटगार्टहून. वसईकर, जर्मनीत आणखी एक भानगड आहे, चर्चचा कर. नोंदणीकृत सदस्याच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के (आमच्या राज्यात ८) सरकारच कापून चर्चला देतं. सोडायचं असेल तर कार्यालयात जाऊन सहीनिशी लिहून द्यावं लागतं. २०२२ या एका वर्षात पाच लाख बावीस हजारांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्च असं लेखी सोडलं.

माझ्या टीममधल्या एकीने तेव्हाच सोडलं. अत्याचारांचे अहवाल वाचवत नाहीत म्हणाली. काही महिन्यांनी तिच्या आजीचं निधन झालं, तर हिने धर्मगुरूला विचारलं, मी आता बायबलमधला उतारा वाचू शकते का? त्याने वाचू दिला. पण 'विचारावं लागलं' हे तिला लागलं. आकड्यांमध्ये ती एक 'बाहेर पडलेली'. तिला स्वतःला ती कुठे आहे हे सांगता येत नाही. तिचा मुलगा मात्र अजूनही चर्चच्याच बालवाडीत जातो. इथल्या कितीतरी बालवाड्या, इस्पितळं, वृद्धाश्रम चर्चच्या संस्थांचे आहेत. माणसं निघून गेली तरी हे डोलारे उभे आहेत, आणि बाहेर पडलेल्यांनाही ते हवे असतात.

---

पोल्डरमधून

नेदरलँड्स सगळंच असं नाही हो. झीलंडपासून वर ओव्हरआयसेलपर्यंत तिरका पट्टा आहे, त्याला बायबल बेल्ट म्हणतात. प्रॉटेस्टंटांमधल्या कडक कॅल्विन पंथाचे लोक. मी तिथे तीन वर्षं राहिलो. घरमालकांनी पहिल्याच आठवड्यात येऊन अतिशय नम्रपणे विनंती केली, रविवारी गवत कापू नका, गाडी धुऊ नका, कपडे बाहेर वाळत घालू नका. त्यांचं जे दैनिक आहे त्याचं संकेतस्थळसुद्धा रविवारी बंद असतं. चर्च सकाळी भरलेलं आणि संध्याकाळी पुन्हा भरलेलं. प्रत्येक घरात पाच-सहा मुलं.

आजारी पडलो तेव्हा याच लोकांनी आठ दिवस सूप आणून दिलं, ते विसरणार नाही. पण याच पट्ट्यात काही जण देवाच्या इच्छेत ढवळाढवळ नको म्हणून लस घेत नाहीत, आणि १९९२-९३मध्ये पोलिओची साथ येऊन ७१ माणसं सापडली. युरोपात, विसाव्या शतकाच्या शेवटी! त्यामुळे 'खांब' टिकले असते तर बरं झालं असतं असं मला मनापासून म्हणवत नाही. सूप आणि पोलिओ एकाच स्वयंपाकघरातून आले, हे मला आजतागायत सोडवता आलेलं नाही.

---

केतकी_सॅन_होजे

अमेरिकेतलं चित्र थोडं वेगळं. प्यू संस्थेच्या मोठ्या पाहणीत २००७ला ७८ टक्के ख्रिश्चन होते, २०२३-२४ला ६२, आणि कुठलाच धर्म न सांगणारे २९ टक्के. पण शेवटची चार-पाच वर्षं ही घसरण थांबल्यासारखी आहे.

माझ्या आजूबाजूला फोनवर ध्यान करणारे, योगवर्गाला जाणारे, पौर्णिमेला संकल्प लिहून जाळणारे सगळे आहेत. आपल्याकडची एकेक गोष्ट उचलून प्रत्येकाने स्वतःचं ताट वाढून घेतलंय. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांची तहान खरी आहे. पण माझ्या मैत्रिणीचं गर्भपातानंतरचं पहिलं वर्ष मी जवळून पाहिलं. ताट भरलेलं होतं, पंगत नव्हती.

---

कोमलधैवत

युट्रेक्टच्या एका हौशी गायकवृंदात गातो. दर वर्षी ईस्टरच्या आधी बाख या संगीतकाराची 'मॅथ्यू पॅशन' ही रचना. हे डच लोकांचं वेड आहे, नार्डेनच्या जुन्या चर्चमधले प्रयोग तर १९२२पासून चालू आहेत. आमच्या वृंदातले निम्म्याहून जास्त लोक देव मानत नाहीत. तीन तासांचं क्रूसाचं आख्यान. येशूचा शिष्य पीटर त्याला तीनदा नाकारतो आणि कोंबडा आरवतो तिथे गेल्या वर्षी माझ्या शेजारचा गायक रडत होता, दंतवैद्य आहे, पक्का नास्तिक. प्रयोग संपल्यावर म्हणाला, आईच्या शेवटच्या दिवसांत मी फोन उचलला नव्हता.

शब्द टिकवायचे असतील तर त्यांना चाल द्या, असं मला वाटतं. वैदेही, तुमच्या हॉलमध्ये ती प्रार्थना कोणी गाऊन सुरू केली असती तर कदाचित आणखी चारजण शेवटपर्यंत पोचले असते.

---

हेगवासी

सुरिनामी हिंदूंबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १८७३पासून १९१६पर्यंत सुमारे ३४ हजार मजूर कलकत्त्याहून करारावर सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, नेले. १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे वंशज मोठ्या संख्येने इकडे आले. आज द हेगमध्ये हिंदू शाळा आहेत, त्याही सरकारी खर्चाने. वैदेही यांनी ज्या खांबांबद्दल लिहिलं त्यांच्याच १९१७च्या समझोत्यामुळे. धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा, हे तेव्हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांनी स्वतःसाठी मिळवलं, पुढे उपयोग दुसऱ्यांना झाला.

माझ्या ओळखीच्या एका घरी पूजेला गेलो होतो. पंडितजी मंत्र संस्कृतात म्हणत, अर्थ डचमध्ये सांगत. आजी भोजपुरीमिश्रित सरनामी बोलत होती, नात डचशिवाय काही बोलत नव्हती. पण आरतीला नातीने ताट बरोबर फिरवलं, न बघता, गप्पा मारता मारता. दीडशे वर्षं, तीन खंड. भाषा गेली, हात विसरला नाही.

---

रानवारा

दोन दिवस धागा वाचतो आहे. माझं मूळ म्हणणं बदललेलं नाही, पण वसईकरांच्या काकांचा बाक डोक्यातून जात नाही.

माझे वडील २०२१मध्ये कोविडने गेले. आम्ही चार माणसं. मी विधी काहीच केले नाहीत, वडीलही मानत नसत, त्यामुळे त्यांच्याशी ते प्रामाणिकच होतं. पण त्यानंतर तेरा दिवस घरात कोणी आलं नाही. साथ होती म्हणून, आणि 'यांच्याकडे काही नाहीये' असं कळलं म्हणूनही. आईने तेराव्या दिवशी मला विचारलं, "आज काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही वडिलांची पुस्तकं झाडली, ओळीने परत लावली.

नास्तिकांनी आपले स्वतःचे बाक बांधायला हवेत, हे मी आता मानतो. ते काम आम्ही केलेलं नाही. बेथेलसारखी पाळी आम्हालाही लावता यायला हवी.

---

सुमनताई_नाशिक

रानवारा, आईंना माझा नमस्कार सांगा. पुस्तकं लावलीत ते फार चांगलं केलंत.

वैदेही, तुझ्या मुलीच्या रामरक्षेबद्दल. मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मला रामरक्षा येते ती कोणी बसवून शिकवली म्हणून नाही. दिवेलागणीला आजी देवाजवळ बसायची, आम्ही हातपाय धुऊन तिच्या बाजूला. निम्मं लक्ष बाहेरच्या खेळाकडे. कानावर पडत गेलं. माझ्या सुनेला येत नाही, नातवाला येत नाही, याचं कारण त्यांची श्रद्धा कमी आहे हे नाही. आमच्या घरातून ती दिवेलागणीची वेळच गेली. सात वाजता एक ट्रेनमध्ये, एक क्लासला, एक ऑफिसच्या कॉलवर. वेळ गेली आणि तिच्या मागून स्तोत्र गेलं.

तुझ्या आजींच्या घरी अशी काही वेळ होती का गं?

---

वैदेही_आइंडहोवन

सुमनताई, होती. तुम्ही विचारलंत आणि एकदम आठवलं. रात्रीचं जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी सगळी अकरा भावंडं आपापली खुर्ची उलटी फिरवायची, फरशीवर गुडघे टेकायची आणि बसायच्या जागेवर कोपरं ठेवून जपमाळ म्हणायची. आई सांगायची, बाकीचे उत्तर द्यायचे. धाकटे तिथेच डोकं टेकून झोपायचे. मग १९६०च्या दशकात टीव्ही आला. आजी म्हणायच्या, कोणी बंद केलं नाही, बातम्या त्याच वेळेला असायच्या.

कोमलधैवत, चालीचं खरं आहे. रानवारा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू? आईंना जपा.

एक बातमी द्यायची आहे. आमच्या गावातलं चर्च विकलं गेलं. गेली दोन वर्षं सभा चालू होत्या, अखेर दवाखाना आणि वृद्धांसाठी घरं करायची असं ठरलं. मनोरा ठेवणार आहेत. मास्ट्रिख्तमध्ये तेराव्या शतकातलं डोमिनिकन चर्च आता पुस्तकांचं दुकान आहे, अॅमस्टरडॅमचं पॅराडिसो हे जुनं प्रार्थनाघर १९६८पासून गाण्यांच्या मैफलींचं ठिकाण आहे, त्यामानाने दवाखाना म्हणजे चर्चच्या जवळचंच काम. शेवटच्या मिस्साला अख्खं गाव होतं, पन्नास वर्षं न आलेलेसुद्धा. शेवटी वेदीवरचा कायमचा दिवा विझवतात. तो विझवला तेव्हा कोणी बोललं नाही, नुसते खुर्च्यांचे आवाज.

मागच्या शनिवारी आतलं सामान विकायला काढलं होतं. इथे जुन्या चर्चमध्ये बाकांऐवजी वेताच्या खुर्च्या असत, आणि पैसे भरणाऱ्या घराचं नाव पितळी पट्टीवर लावलेलं असे. आजींच्या मुलीला त्यांच्या घराच्या नावाची खुर्ची सापडली. ती छोट्या फ्लॅटमध्ये राहते. म्हणाली, आईच्या दुपारी तुमच्याकडे गेल्या, तुमच्याकडेच राहू दे.

आता ती आमच्या पॅसेजमध्ये आहे. वेत मध्ये खचलाय. सकाळी मुलगी तिच्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधते. काल म्हणाली, आई, ही इतकी बुटकी का आहे, आणि पाठ एवढी उंच? मी खुर्ची भिंतीपासून ओढली, फिरवली, आणि तिला गुडघे टेकून दाखवलं.